मनिलाकरांच्या पद्धतीने समुद्रावर : काही महिन्यांच्या वापरानंतर

फिलिपिन्समध्ये, मनिलात नोकरी करणारा माणूस बोराकायसारख्या पर्यटकांच्या बेटावर जातो तो विमानाचं तिकीट सेलमध्ये मिळालं तर. एल निडोला जातो बोनस झाला तर. एरवी सुट्टी आली की तो मनिलाजवळच्या किनारी प्रांतांत जातो, बातांगासला नाहीतर झांबालेसला. बसने तीन-चार तास, सोबत भाताची पातेली, बर्फाचा खोका आणि आठ-दहा जणांचं टोळकं. नोकरीच्या निमित्ताने इथे आल्यापासून मी ऑफिसातल्या फिलिपिनो मंडळींच्या या टोळक्यात सामील झाले. आता उन्हाळा, पावसाळा आणि ईस्टरच्या आधीची ती भयानक गर्दी, सगळं बघून झालंय. तेव्हा हा प्रकार कोणाला झेपेल आणि कोणाला नाही, ते सांगते.

आधी कॉटेज समजून घ्या, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे. चार खांब, वर निपाच्या झावळ्यांचं छप्पर, मधे लांबलचक टेबल, दोन बाजूंना बांबूचे बाक. भिंती नाहीत, दार नाही. सकाळी प्रवेश फी भरायची, कॉटेजचं भाडं वेगळं भरायचं (साधारण 500 ते 1500 पेसो, किनाऱ्याच्या जितकं जवळ तितकं महाग) आणि संध्याकाळपर्यंत ते छप्पर आपलं. एक पेसो म्हणजे दीड रुपयाच्या आसपास, हिशेब करून बघा. मग दिवसभर होतं काय? काहीच नाही. दोघं पाण्यात असतात, एकजण बाकावर आडवा, कोणीतरी कोळसे पेटवतोय, कोणाची आई कोपऱ्यात बसून आंबे कापतेय. भारतातून आलेले पाहुणे तासाभराने हमखास विचारतात, "आता पुढचा पॉइंट कुठला?" पुढचा पॉइंट नसतो. ज्यांना हे ऐकून पोटात गोळा आला त्यांनी हा बेत करूच नये. सहलीवर खर्च केलेल्या पैशाच्या बदल्यात धबधबे, चर्च आणि दीपगृहं मोजून घेणाऱ्यांसाठी हा माल नाही.

माझं सर्वांत आवडतं ठिकाण मातबुंगकाय. बातांगास प्रांतातल्या लियान गावचा हा किनारा. वाळू काही पोस्टरवर छापण्यासारखी नाही, करडी-पिवळी आहे, आणि पाण्याखाली जागोजागी दगड. पण इथे कॉटेज पाण्यावर तरंगते. बांबूचा तराफा, त्यावर छप्पर, टेबल, बाक. याला बाल्सा म्हणतात. आपण सामानासकट चढायचं, मग दोन माणसं बांबूने रेटत तराफा थोडा आत नेतात आणि नांगर टाकून परत जातात. एका बाजूला पाण्यात उतरायची शिडी. बाकावरून पाय सोडले तर पाण्याला लागतात. खालचे बांबू दिवसभर एकमेकांवर घासून कुरकुरत असतात, लाट आली की टेबलावरची लिंबं घरंगळतात. थोड्या वेळाने लहानशा होड्या येऊन तराफ्याला लागतात: कोणाकडे शहाळी, कोणाकडे आइस्क्रीम, कोणाकडे नुकते पकडलेले मासे. मासे घेतले की तराफ्यावरच भाजायचे. भरतीच्या वेळी मात्र हलतं बऱ्यापैकी. ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी घेऊनच यावं, कारण मधेच "मला किनाऱ्यावर सोडा" म्हटलं तर हाका मारून होडी बोलवावी लागते.

पैशांची पद्धत मला फार पटली. निघण्याआधीच ग्रुपवर एकजण अंबागान जाहीर करतो, म्हणजे डोक्यामागे वर्गणी. ती जीकॅशवर, म्हणजे इथल्या मोबाइल पाकिटात, जमा होते, त्यातून बस, प्रवेश, कॉटेज, कोळसा, बर्फ, तांदूळ सगळं भागतं, आणि परतताना उरलेले पेसो हिशेबासकट परत मिळतात. ज्याला त्या महिन्यात जमत नाही तो सरळ सांगतो, आणि बाकीचे त्याच्याकडून फक्त भात करून आणायला सांगतात. बिल आल्यावर "मी देतो, मी देतो" करत एकमेकांचे हात धरायचा आपला सोहळा इथे नाही. पाहुण्यांसाठी अडचण एवढीच की जीकॅशला इथला नंबर आणि ओळखपत्र लागतं. तोवर रोकड बाळगा. गावाकडे मोठी नोट घेऊन ट्रायसिकलवाल्यासमोर (ट्रायसिकल म्हणजे मोटारसायकलला जोडगाडी लावलेली इथली रिक्षा) उभं राहिलात तर तो आकाशाकडे बघतो.

आता जेवण, कारण पहिला प्रश्न तोच असतो. मांसाहारी माणसाची चैन आहे. लिएम्पो म्हणजे डुकराच्या पोटाकडचं मांस रात्रभर सोया सॉस, लसूण आणि कलामान्सीच्या रसात मुरवून आणतात आणि निखाऱ्यावर भाजतात. कलामान्सी हे बोराएवढं आंबट लिंबू. ते, सोया सॉस आणि लवंगी मिरचीसारखी एक जहाल मिरची वाटीत कालवली की सगळ्याला लावायचं तोंडीलावणं तयार. किनिलाव मला सुरुवातीला नको वाटायचं: कच्च्या माशाच्या फोडी नारळाच्या व्हिनेगरमध्ये, आलं, कांदा, मिरची घालून. न शिजवता व्हिनेगरच्या आंबटपणानेच मांस पांढरं आणि घट्ट होतं. मासा सकाळचा असेल तरच खा. दुपारी टेबलावर केळीची पानं अंथरतात, मधोमध भाताचा लांब बांध घालतात, त्यावर मासे, मांस, खारवलेली अंडी, टोमॅटो, आंबे रचतात आणि सगळे उभ्याने हाताने जेवतात. या जेवणाला बूडल फाइट म्हणतात, आणि ही चाल लष्करातून आलेली आहे. हाताने खायला कोणी आपल्याला शिकवायची गरज नाही, पण वेग मात्र शिकावा लागतो. उभ्या पंगतीत भिडस्त माणूस उपाशी राहतो.

शाकाहारी मंडळींचं अवघड आहे. पिनाकबेतमध्ये भोपळा, वांगं, भेंडी, कारलं, चवळीच्या शेंगा, सगळ्या आपल्याच भाज्या असतात, पण शिजवलेल्या असतात बागूंगमध्ये, म्हणजे कोळंबीच्या किंवा माशांच्या खारवून आंबवलेल्या लगद्यात. "मांस नाही ना?" विचारलं तर लोक प्रामाणिकपणे "नाही" म्हणतात, मासळीची गणना मांसात होतेच असं नाही. त्यामुळे बागूंग आणि पातीस (माशाचा पातळ सॉस) ही दोन नावं घेऊन विचारा. भरवशाचं एकच: भाजलेल्या वांग्याचं एन्सालादा, कांदा-टोमॅटो-व्हिनेगर घातलेलं. फोडणी राहून गेलेलं भरीतच. शिवाय लसणीचा भात, तळलेली केळी, शहाळी, आणि एप्रिल-मे असेल तर झांबालेसचा आंबा. तो गोड असतो, इतका की त्याला हापूससारखा आंबट धागा नसतो. मी रत्नागिरीची असल्यामुळे या विषयावर माझं मत कोणी विचारू नये. आमच्या ऑफिसातली ताई, म्हणजे इथल्या भाषेत आते, आता माझ्यासाठी न चुकता वांगी वेगळी भाजते.

पिण्याचं सांगायचं तर ग्लास एकच असतो. एकजण ओततो, ग्लास गोलाने फिरतो, ज्याच्या हातात आला त्याने संपवून परत द्यायचा. रेड हॉर्स ही बिअर साधी समजू नका, 6.9 टक्के आहे. नको असेल तर हसून हात जोडा, कोणी आग्रह करत नाही. चखणा मात्र सगळ्यांना समान.

आणि व्हिडिओके, म्हणजे पडद्यावर शब्द बघून गायचं कराओके यंत्र. हा या सगळ्या अनुभवातला माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा दोष. पाच पेसोचं नाणं टाकलं की एक गाणं, गाणं संपलं की यंत्र गुण देतं. आपल्या टोळक्यातलं कोणी गात असेल तर मजा येते. इथली माणसं गातातही सुरेख. पण शेजारच्या सहा कॉटेजमध्ये सहा यंत्रं एकाच वेळी चालू असतात तेव्हा समुद्राचा आवाज विसरा. अनेक गावांत रात्री दहानंतर बंदी आहे आणि ती बऱ्यापैकी पाळतात. मुक्कामाला जाणार असाल तर खोली किनाऱ्यापासून मागे घ्या. एका रिसॉर्टने आमच्याकडून बाहेरून आणलेल्या दारूवर तर सोडाच, घरून आणलेल्या भाताच्या ट्रेवरही जादा पैसे घेतले. तेव्हापासून बुकिंग करतानाच बाहेरच्या खाण्यावर कॉर्केज किती, हे लेखी विचारून ठेवतो.

बायकांसाठी एक दिलासा. इथले बहुतेक लोक समुद्रात टी-शर्ट आणि हाफ पँटवर उतरतात, मुली लांब बाह्यांचे पोहण्याचे कपडे घालतात, कारण काळं होण्याची भीती इथेही आपल्याइतकीच. पंजाबी कुर्ता घालून पाण्यात गेलात तरी कोणी वळून बघत नाही. रिसॉर्टच्या पोहण्याच्या तलावात मात्र सुती कपडे चालत नाहीत, तिथे शिट्टी वाजते. आणि न्हाणीघरात बादली आणि ताबो, म्हणजे दांडीवाला टमरेल, असतोच. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला याचं महत्त्व समजावून सांगायला नको.

शांतता हवी असेल तर झांबालेसचा अनावांगिन. बसने सान अंतोनियोला उतरायचं, ट्रायसिकलने पुंडाकिटच्या किनाऱ्यावर, तिथून बांका. ही दोन्ही बाजूंना बांबूचे पंख लावलेली अरुंद होडी, त्या पंखांमुळे ती कलंडत नाही. भाडं माणशी नसून बोटीमागे असतं, त्यामुळे दोघांनी जाणं महाग पडतं. अर्ध्या तासात डोंगरांमधलं एक वळण येतं आणि समोर राखाडी वाळूवर सुरूचं बन. हो, आपल्या दापोली-गुहागरकडच्या किनाऱ्यांवर दिसतो तोच सुरू, इथे त्याला आगोहो म्हणतात. ती राख आहे पिनातुबोची. 15 जून 1991 ला हा ज्वालामुखी फुटला, राख या खाडीपर्यंत आली, आणि हे बन त्यानंतर वाढलं. तंबू ठोकून राहायचं, मोबाइलला रेंज जवळजवळ नाही. मला तिथे छान वाटतं, पण लाटा बाहेरच्या बाजूला जोराच्या आहेत आणि पाणी पटकन खोल होतं. लहान मुलं असतील तर मातबुंगकाय बरं.

समोरच्या मिंडोरो बेटावरच्या पुएर्तो गालेराच्या व्हाइट बीचवर लांब सुट्टीत जाऊ नका; एरवी ठीक. बातांगास बंदरातून तिकडे जाताना जो समुद्र लागतो, त्या व्हर्दे आयलंड पॅसेजला किनाऱ्यालगतच्या माशांच्या विविधतेत जगात तोड नाही असं 2005 साली संशोधकांनी मांडलं. ते बघायचं तर बातांगासमधल्या अनिलावला मास्क लावून पाण्यात डोकं घाला, वर गाणं-बजावणं करण्यात काही अर्थ नाही. डोंगरावरच्या तागायताय गावी धुक्यात बसून खाली ताल सरोवर बघणं हा समुद्र नको असलेल्या दिवसाचा बेत. सरोवराच्या मधोमध ताल ज्वालामुखीचं बेट आहे; जानेवारी 2020 च्या स्फोटानंतर त्या बेटावर उतरायला बंदी आहे, त्यामुळे घोड्यावरून विवरापर्यंत नेण्याच्या जुन्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नका.

हवामानाबद्दल नीट ऐका. जून ते ऑक्टोबर हाबागात, म्हणजे नैऋत्य मोसमी वारा. तो झांबालेस आणि पश्चिम बातांगासच्या किनाऱ्यांवर थेट आपटतो. वर्षाला साधारण 20 वादळं या देशाच्या हद्दीत येतात. पागासा या हवामान खात्याने एक नंबरचा इशारा दिला तरी कोस्ट गार्ड छोट्या होड्या बंद करतं, मग तुमची बस सुटलेली असो वा नसो. आगाऊ दिलेले पैसे परत मिळतात का, हे बोटवाल्याच्या स्वभावावर. नोव्हेंबरपासून वारा ईशान्येचा होतो, पश्चिमेचा समुद्र निवतो, आणि फेब्रुवारीपर्यंत ऊनही सोसवतं. माझ्या मते तेच दिवस खरे. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात अख्खं मनिला रिकामं होऊन किनाऱ्यावर येतं. त्या दिवसांत उलट मनिलातच थांबा, रस्ते इतके मोकळे पुन्हा दिसणार नाहीत.

परतीचा प्रवास हा दुसरा मोठा दोष. रविवारी दुपारी तीननंतर निघालात तर तीन तासांचे सहा होतात. आम्ही आता शनिवारी पहाटे चारला निघतो आणि रविवारी जेवायच्या आत गाडीत बसतो, किंवा सरळ एखाद्या शुक्रवारी रजा टाकतो. बसचा एसी कोणत्या वैराने लावतात कळत नाही, स्वेटर हातात ठेवा, सामानात नको. मधल्या थांब्यांवर शेंगदाणे आणि बुको पाय, म्हणजे शहाळ्याची मलई भरून भाजलेला गोड पदार्थ (इंग्रजीतला pie), विकणारे चढतात. बुको पाय घ्याच, गरम असेल तर बसमध्येच संपवा.

भारतातून येणाऱ्यांसाठी: जून 2025 पासून भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी 14 दिवस व्हिसा लागत नाही, परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग जवळ हवं, आणि पोचण्याआधीच्या 72 तासांत ई-ट्रॅव्हलची ऑनलाइन नोंदणी करायची असते. चौदा दिवसांत बोराकाय-एल निडो जरूर करा. पण मनिलात कोणी ओळखीचं असेल तर त्यातला एक शनिवार त्यांच्या टोळक्याला द्या आणि वर्गणी आधी भरा, म्हणजे तांदूळ किती घ्यायचा ते त्यांना ठरवता येईल.