ऑनलाइन ‘फर्म’ गादी: हाताला कडक लागते म्हणून फोम चांगला समजू नका

ऑर्थोपेडिक फर्म मॅट्रेस, सहा इंच जाडी, चाळीस डेन्सिटीचा एचआर (हाय रेझिलियन्स, म्हणजे जास्त उसळी मारणारा) फोम, त्यावर एक इंच मेमरी फोम, दहा वर्षांची वॉरंटी. मोबाइलवरच्या जाहिरातीत एवढं सगळं लिहिलेलं होतं. साइज ७८ बाय ६० इंच. तेवीस हजारांचा आकडा खोडून खाली सात हजार, आणि शेजारी उलटं चालणारं घड्याळ. गादी आली ती रोल करून नाही, तीन घड्या घालून प्लॅस्टिकमध्ये. पसरली, हाताने दाबली, चांगली कडक लागली, पाठीलाही बरं वाटलं. त्यामुळे घरात कुणी काही तपासलं नाही. तिसऱ्या महिन्यात कंबरेखाली खड्डा पडला. विक्रेत्याने फोटो मागवले आणि कळवलं, की खड्डा दीड इंचापेक्षा कमी आहे, वॉरंटीत बसत नाही.

मग शिवण उसवली गेली. वर-खाली साध्या पांढऱ्या फोमचा एकेक इंचाचा थर, आणि मध्ये सोल्यूशनने चिकटवलेल्या तीन ईपी शीट. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात भरतात त्याच पांढऱ्या, दाबल्यावर करकरणाऱ्या शीट. मेमरी फोमचा पत्ता नाही. कडेला प्रत्येक शीट पूर्ण एक इंच होती, पण माणूस झोपतो तिथे आतले बुडबुडे चेपून पाऊण इंचावर आली होती. एकदा चेपलेली ईपी शीट परत फुगत नाही, तिची रचनाच तशी असते. सगळी गादी कव्हरसकट काट्यावर ठेवली तर साडेनऊ किलो भरली.

जाहिरातीतलं खरं असतं तर ती वीस किलोच्या आसपास भरायला हवी होती. हा हिशेब गादी दारात आल्या दिवशी पाच मिनिटांत करता येतो. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोतलं वजन. लांबी, रुंदी आणि जाडी इंचांत मोजून तिन्हींचा गुणाकार करा, त्याला ६१,०२४ ने भागा, म्हणजे घनमीटर मिळतात. त्याला डेन्सिटीने गुणलं की फोमचं वजन. ७८ × ६० × ६ म्हणजे २८,०८०, भागल्यावर ०.४६ घनमीटर. चाळीस डेन्सिटीला हे साधारण १८.४ किलो होतं, ३२ ला १४.७ आणि २३ ला साडेदहा किलो. कव्हरचे दीड-दोन किलो वेगळे. सिंगल गादी, ७२ × ३६ × ६, चाळीस डेन्सिटीत १०.२ किलोची असते आणि किंग, ७८ × ७२ × ६, सुमारे २२ किलोची. मोठा काटा नसला तरी अडत नाही. साध्या वजनकाट्यावर आधी नुसतं उभं राहा, मग गादी उचलून उभं राहा, आणि फरक घ्या. पुठ्ठ्याचं खोकं असेल तर त्याचं वजन वजा करा.

कडकपणा आणि डेन्सिटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ही सगळी फसवणूक त्यांची गल्लत करण्यावर चालते. फोम ओतताना रसायनांचं प्रमाण बदललं की २३ डेन्सिटीचा फोमही हाताला टणक करता येतो. पण त्यात माल कमी असतो, बुडबुड्यांच्या भिंती पातळ असतात. रोज रात्री सात-आठ तास वजन पडलं की त्या भिंती मोडतात, आणि काही महिन्यांत कंबरेची जागा बसते. उलट चाळीसचा फोम मऊही बनवता येतो. गादी आज कशी लागते ते कडकपणा सांगतो, किती वर्षं तशी राहील ते डेन्सिटी सांगते. रोज झोपायच्या गादीच्या मुख्य थराला आमच्या मते ३२ च्या खाली जाऊ नये, आणि झोपणाऱ्याचं वजन ऐंशी-नव्वद किलो असेल तर चाळीसचा आग्रह धरावा.

आता उलट बाजूची लबाडी, कारण वजन जमलं म्हणजे गादी चांगली असंही नाही. वजन वाढवायला फोममध्ये खडूची बारीक पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, मिसळतात. डेन्सिटी कागदावर चाळीस येते, पण त्यातला बराच भाग पुडीचा असतो. असा फोम पटकन फाटतो, उसळी मारत नाही आणि लवकर बसतो. कव्हरला चेन असेल तर उघडून आतला एखादा सुटा कण बोटांत चुरडून पाहा. पांढरी पूड हाताला लागली तर शंका घ्यायला जागा आहे. पेटवून बघायचा सल्ला काही जण देतात, तो अजिबात ऐकू नका. पीयू (पॉलियुरेथेन) फोमचा, म्हणजे गादीतल्या नेहमीच्या फोमचा, धूर विषारी असतो.

उसळीची परीक्षा जास्त बोलकी आहे. बेअरिंगचा लोखंडी छर्रा एक फूट उंचीवरून उघड्या फोमवर सोडा. चांगल्या एचआर फोमवर तो साधारण निम्म्या उंचीपर्यंत किंवा त्याहून वर उसळतो. साध्या फोमवर त्याहून कमी. मेमरी फोमवर जवळजवळ उसळतच नाही, तिथे तळहात दाबून उचलला की ठसा काही सेकंद राहतो आणि हळूहळू भरतो. ठसा लगेच नाहीसा झाला तर तो मेमरी फोम नव्हे, मग कव्हरवर काहीही छापलेलं असो.

वजनाची दुसरी गोष्ट रिबॉन्डेडची. सोफा आणि गाद्यांच्या कारखान्यांतली कातरण बारीक करून, बाइंडर घालून, वाफेवर दाबून हा फोम बनतो. रंगीबेरंगी ठिपके बघितले की ओळखू येतो. डेन्सिटी ८० ते १००, त्यामुळे ७८ × ६० ची सहा इंची गादी चाळीस किलोच्या आसपास जाते आणि खूप कडक लागते. ज्यांना खरोखर कडक गादी हवी आहे त्यांच्यासाठी चांगल्या रिबॉन्डेडमध्ये वाईट काही नाही, पण त्याचं नाव घेऊन आणि त्याच्या भावात विकायला हवं. फसवणूक तिथे होते जिथे ठिपक्यांच्या ठोकळ्यावर अर्धा इंच पांढरा फोम चिकटवून ‘ऑर्थो एचआर’ म्हणून विकतात आणि कव्हर चारी बाजूंनी कायमचं शिवून टाकतात. पूर्वी पिंजारी अंगणात बसून गादी भरायचा तेव्हा कापूस नवा किती आणि जुना किती हे समोर दिसायचं. फोमच्या गादीत सगळा व्यवहार शिवणीआड असतो, म्हणून चेन नसलेली महाग गादी ऑनलाइन घेऊच नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

‘ऑर्थोपेडिक’ या शब्दाचं तेच. तो शब्द छापला म्हणून आत अमुकच फोम असतो असं काही नाही. कडक तेवढी पाठीला चांगली, ही समजूत मात्र जाहिरातवाले मन लावून जोपासतात. २००३ साली ‘द लॅन्सेट’मध्ये स्पेनमधला एक अभ्यास छापून आला होता. जुनाट कंबरदुखीच्या ३१३ जणांना कडक किंवा मध्यम कडक गादी देऊन ९० दिवसांनी पाहणी केली, तर मध्यम कडक गादीवाल्यांचा त्रास जास्त कमी झालेला आढळला. कुशीवर झोपणाऱ्याला फार कडक गादीत खांदा आणि कुल्ला टोचतो, हात बधिर होतो. उताणं झोपणाऱ्याला तीच गादी चालून जाते. पन्नास किलोच्या माणसाला जी कडक वाटते ती नव्वद किलोच्या माणसाला मऊ वाटते. हे काहीही न विचारता सगळ्यांना एकच ‘फर्म’ सुचवणारा विक्रेता तुमच्या पाठीचा विचार करत नसतो.

जाडीतही मारतात. सहा इंच म्हणून विकलेली गादी पाच-सव्वापाच भरते, आणि विचारलं की कव्हरची क्विल्टिंग धरून सहा, असं उत्तर येतं. रोल करून आलेली गादी पूर्ण फुगायला २४ ते ७२ तास लागतात, म्हणून घाईने मोजू नका. पण तीन दिवसांनंतरही कोपरे दबलेले आणि कडा वेड्यावाकड्या असतील तर माल गोदामात महिनोन् महिने दाबून पडलेला होता असं समजा. तो पुढेही नीट फुगायचा नाही. मोजताना कडेला टेप लावू नका, पायपिंगमुळे, म्हणजे कडेला शिवलेल्या जाड गोटामुळे, चूक होते. गादीवर सरळ फळी आडवी ठेवा आणि फळीच्या खालच्या कडेपासून पलंगाच्या प्लायपर्यंत मोजा.

ट्रायल आणि वॉरंटीच्या अटी पैसे भरण्याआधी वाचायच्या असतात. शंभर रात्रींची ट्रायल बऱ्याचदा फक्त कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून घेतलेल्या गादीलाच असते. तीच गादी मोठ्या शॉपिंग ॲपवरून घेतली तर तिथे दहा दिवसांत रिप्लेसमेंट, एवढंच मिळतं. काही ठिकाणी पहिले तीन-चार आठवडे परत करायलाच परवानगी नसते. काही विक्रेते मूळ पॅकिंग मागतात, आणि यंत्राने हवा काढून गुंडाळलेली गादी घरी परत तशी गुंडाळणं अशक्य आहे हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. पिकअप कोणत्या पिनकोडला आहे ते विचारा. मुंबई-पुण्यात आहे म्हणून चिपळूण किंवा उदगीरला असेलच असं नाही. आणि जुन्या दिवाणासाठी ७२ बाय ३५ किंवा ७५ बाय ४७ अशी साइज मागवली की ती ‘कस्टम’ ठरते, म्हणजे परतीचा दरवाजा बंद. अशा वेळी जवळच्या गादीवाल्याकडून समोर कापून घेतलेला फोम केव्हाही बरा.

वॉरंटीत सर्वांत महत्त्वाची ओळ खड्ड्याची असते: वजन नसताना किती इंच खोल खड्डा पडला तर दोष मानणार. एक इंच असेल तर ठीक. दीड इंच असेल तर गादी झोपण्यालायक उरत नाही तरी वॉरंटी लागू होत नाही, वर सांगितलेल्या गादीचं तेच झालं. कव्हरवर डाग पडला किंवा शिवण उसवली तर वॉरंटी रद्द, असंही बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं. म्हणून शिवणीला हात लावण्याआधी वजन, जाडी आणि खड्डा यांचे फोटो घेऊन ठेवा. खड्डा मोजायला गादीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दोरी ताणून धरा, खाली पट्टी उभी ठेवा, आणि पट्टीवरचा आकडा दिसेल असा फोटो काढा. दर महिन्याला त्याच जागी. पलंगाचा प्लायही त्या फोटोत येऊ द्या, नाहीतर पलंगच वाकलेला आहे असं सांगून हात झटकतात. प्लाय खरंच वाकलेला असेल तर अर्थात चांगली गादीही बसते, ते आधी तपासा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात बंद बॉक्सच्या पलंगावर गादीखाली बुरशी येते आणि तिचाही ठपका ग्राहकावरच ठेवतात. प्लायला काही भोकं पाडून घेतली आणि पंधरा दिवसांनी गादी उभी करून वारा दिला तर ते टळतं.

मागवण्याआधी विक्रेत्याला लेखी विचारा: प्रत्येक थराची जाडी किती, कोणता फोम, डेन्सिटी किती, मध्ये ईपी किंवा रिबॉन्डेड आहे का, गादीचं एकूण वजन किती, कव्हरला चेन आहे का. चॅटवर आलेलं उत्तर स्क्रीनशॉट करून ठेवा आणि जाहिरातीचं पूर्ण पानही, कारण तक्रार झाल्यावर ते पान बदलतं. वजन सांगायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे पुढे विचारण्यासारखं काही उरत नाही. पार्सल फोडताना सलग व्हिडिओ घ्या, सुरुवात लेबलपासून करा. लेबलवर उत्पादकाचं नाव-पत्ता, उत्पादनाचा महिना आणि वर्ष, माप, एमआरपी असायलाच हवं. जीएसटीचं बिल नसेल तर पैसे देण्याआधी मागा.

गडबड निघालीच तर गूगलवर ‘कस्टमर केअर’ शोधून पहिला नंबर फिरवू नका. तिथे दुसरी टोळी बसलेली असते. ती स्क्रीन शेअर करणारं ॲप घ्यायला लावते किंवा परताव्यासाठी यूपीआय पिन टाकायला सांगते. पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही. तसं काही झालंच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

तक्रार विक्रेत्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलने करा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तिथेही अडलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे विक्रेता कुठल्याही राज्यातला असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, पाच लाखांपर्यंतच्या मालाला शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. वस्तूचा दर्जा किंवा घटक खोटे सांगणं हे त्या कायद्यात अनुचित व्यापार प्रथेत मोडतं, त्यामुळे वॉरंटीतल्या दीड इंचाच्या अटीत अडकून राहू नका. ‘खड्डा पडला’ एवढंच लिहू नका. ‘चाळीस डेन्सिटीचा एचआर फोम सांगून ईपी शीट दिली, वीस किलोऐवजी साडेनऊ किलो माल दिला’ असं आकड्यांत लिहा.

आयोगाला गरज वाटली तर फोमचा नमुना प्रयोगशाळेत तपासायला पाठवता येतो. म्हणून तक्रार चालू असताना विक्रेत्याचा माणूस ‘तपासणीसाठी’ गादी उचलायला आला तर परतावा खात्यात जमा होईपर्यंत ती देऊ नका. द्यावीच लागली तर प्रत्येक थराचा हातभर तुकडा कापून, त्यावर तारीख लिहून घरी ठेवा आणि नेणाऱ्याकडून वजनासकट लेखी पोच घ्या.