उन्हाळी न्यूरोसायन्स प्रकल्प: पॅच क्लॅम्प की डेटा विश्लेषण?

आठ-दहा आठवड्यांच्या उन्हाळी प्रशिक्षणात पदवीच्या विद्यार्थ्यापुढे बहुतेकदा दोन वाटा येतात. एक, मेंदूचे ताजे काप घेऊन पॅच क्लॅम्पने, म्हणजे पेशीला काचेची बारीक नळी चिकटवून, एकेका पेशीच्या विद्युत संकेतांची नोंद घ्यायची. दोन, आधीच झालेल्या नोंदींचं विश्लेषण करायचं. मी दुसरी निवडली, तरी पहिलीची ओढ मला पूर्ण समजते. नेहर आणि साकमान यांना १९९१ चं नोबेल मिळवून देणारं हे तंत्र हातात बसलं, तर जिवंत न्यूरॉनचा स्पाइक (क्षणिक विद्युत स्पंद) समोर उमटताना दिसतो. याला पर्याय नाही.

मला खटकली ती एकच गोष्ट: काप बिघडला की कशाने बिघडला ते कळत नाही.

३०० मायक्रॉनचा काप मायक्रोस्कोपखाली घेतला आणि पेशी फुगलेल्या, केंद्रक ठळक दिसतंय, म्हणजे त्या गेल्या. द्रावणाची ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या कणांचं प्रमाण) ३०० ते ३१० मिलिऑस्मोलच्या पट्ट्यातून सरकली असेल. द्रावणात सोडायचा कार्बोजेन (ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण) मध्येच कमी पडला असेल. मेंदू बर्फगार द्रावणात जायला उशीर झाला असेल, काप करणाऱ्या व्हायब्राटोम यंत्राचं पातं वर-खाली हललं असेल, किंवा प्राण्याचं वयच जास्त असेल. कारणं पाच, लक्षण एक. काप सहा-आठ तासच टिकतात, त्यामुळे एक बदल करून पाहायला एक अख्खा दिवस जातो. उघड दिसणारी चूक क्वचित असते. कार्बोजेन पुरेसा सोडण्याआधी कॅल्शियम घातलं तर द्रावण गढुळतं, तसली. पुढे गिगासील (नळी आणि पेशी यांच्यातली घट्ट पकड) जमला तरी सिरीज रेझिस्टन्स (नळीतून पेशीत जाणाऱ्या प्रवाहाला होणारा अडथळा) २० टक्क्यांहून जास्त सरकला की ती नोंद सहसा बाद करावी लागते. वर्षभर हाताशी असेल तर हे सगळं शिकण्यासारखंच आहे. दहा आठवड्यांत मात्र बहुतेक वेळ कारणं शोधण्यातच जाण्याची भीती असते.

विश्लेषणातही चुका कमी होत नाहीत, पण त्यांच्या मुळाशी जाता येतं. न्यूरोपिक्सेल्स, म्हणजे एकाच वेळी अनेक पेशी टिपणारा सुईसारखा प्रोब, त्याच्या नोंदीत एकाच ‘न्यूरॉन’चे दोन स्पाइक दीड मिलिसेकंदाच्या आत वारंवार दिसले, तर त्यात दुसऱ्या पेशीची भेसळ आहे. एखादी पेशी अर्ध्या सत्रानंतर गायब झाली, तर वेळेनुसार स्पाइकची उंची काढून बघा. ती हळूहळू उतरत गेली असेल, तर प्रोब मेंदूत सरकला असण्याची शक्यता मोठी. उद्दीपनाच्या आधीच प्रतिसाद दिसला, तर दोन यंत्रांची घड्याळं जुळलेली आहेत का ते आधी तपासा. शंका आली, निकष बदलला, त्याच दुपारी पुन्हा चालवून पाहिलं. ही मोकळीक मला निर्णायक वाटली.

एक पथ्य पाळा: कच्च्या डेटापासून सुरुवात करू नका. ३८४ चॅनेल, सेकंदाला ३०,००० नमुने, म्हणजे तासाला सुमारे ८० जीबी. नुसतं सॉर्टिंग (कोणता स्पाइक कोणत्या पेशीचा हे वेगळं करणं) लावण्यात आठवडे जातील. अॅलन इन्स्टिट्यूट या अमेरिकी संशोधन संस्थेने खुल्या ठेवलेल्या, सॉर्टिंग झालेल्या नोंदी पायथनमधून थेट उघडता येतात. या वाटेची उणीवही खरी आहे: नोंद कशी जन्मते हे न पाहता गोंगाट ओळखणं अवघड जातं. म्हणून प्रयोगशाळेत रेकॉर्डिंग असेल त्या दिवशी शेजारी बसू द्या, असं आधीच मागून घ्यावं.

मार्गदर्शक स्वतः सकाळी काप करून देणार असतील आणि तुमचं काम सीलपासून सुरू होणार असेल, तर पारडं बरंच पॅच क्लॅम्पकडे झुकतं. म्हणून होकार देण्याआधी विचारा: काप कोण करणार, आठवड्यातले किती दिवस रिग (नोंद घेण्याची यंत्रणा) तुमच्याकडे असेल, आणि प्राणी हाताळण्याची परवानगी कोणत्या आठवड्यात मिळेल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘चौथ्या आठवड्यात’ असं आलं, तर मी तरी डेटाचा प्रकल्प घेईन.