नखाला न लागणारे ओरखडे: गाडीची काच पॉलिश करण्याच्या संचाचे परीक्षण

आमची गाडी 2011 सालची आहे. घेतली त्याच वर्षी बाजूच्या चारही काचांना आतून काळी फिल्म लावून घेतली होती, आणि 27 एप्रिल 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने काचांवर अशी फिल्म चिकटवण्यास मनाई केल्यानंतर ती मीच एका रविवारी दाढीच्या ब्लेडने खरवडून काढली. साबणाचे पाणी मारून फिल्म नीट भिजू द्यावी, ब्लेड काचेला अगदी टेकवून सपाट धरावे, यातले काहीही तेव्हा मला ठाऊक नव्हते. फिल्म निघाली, पण चालकाच्या बाजूच्या काचेवर आतून तिरक्या, केसाइतक्या बारीक रेघांची जाळी कायमची राहिली. पुढच्या काळात काच वर-खाली होताना बाहेरच्या बाजूने उभ्या रेघांची तीत भर पडली. एरवी त्या फारशा जाणवत नसत. मात्र संध्याकाळचे तिरपे ऊन पडले, की ती काच दुधाळ होई आणि तिच्यातून बाहेरच्या आरशात पाहताना डोळे बारीक करावे लागत.

काचवाल्याने नवी काच बसवण्याचे 1800 रुपये सांगितले. त्याआधी एक प्रयत्न करून पाहावा, म्हणून 740 रुपयांना काच पॉलिश करण्याचा संच मागवला. त्यात 100 ग्रॅम सिरियम ऑक्साइडची भुकटी, नमद्याच्या, म्हणजे दुकानदार ज्याला फेल्ट म्हणतात त्याच्या, तीन इंची दोन चकत्या, त्या ड्रिल मशीनला लावण्याचा दांडा, पाणी फवारण्याची एक लहान बाटली आणि एक घडीचे माहितीपत्रक एवढे सामान होते. संचाचे नाव देण्याचे मी मुद्दाम टाळत आहे, कारण बाजारातल्या अशा बहुतेक संचांचा जीव ही भुकटीच असते आणि माझ्या तक्रारी मुख्यतः माहितीपत्रकाविषयी आहेत.

भुकटीचा रंग फिकट गुलाबी, थोडा बदामीकडे झुकणारा. सिरियम हे दुर्मिळ मृदा धातूंपैकी एक मूलद्रव्य असून 1803 मध्ये त्याचा शोध लागला. नावात ‘दुर्मिळ’ असले तरी त्या गटात सर्वाधिक सापडणारे तेच आहे, आणि केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूतही ते असते. भिंगे आणि आरसे बनवणारे लोक पूर्वी लोहाची लाल भुकटी वापरत, तिची जागा पुढे सिरियम ऑक्साइडने घेतली. माझ्या एका मित्राने पुण्यातच दुर्बिणीचा सहा इंची आरसा हाताने घासून तयार केला होता. त्याने डबी उघडून भुकटी बोटांत चोळून पाहिली आणि शेवटच्या टप्प्याला आपण हीच वापरली होती, असे सांगितले. त्याने दिलेली एक सूचना माहितीपत्रकातील सर्व मजकुरापेक्षा मोलाची ठरली. ही भुकटी काचेला केवळ घासत नाही; पाण्याच्या सान्निध्यात काचेच्या अगदी वरच्या थराशी तिची रासायनिक क्रियाही होते, आणि तो सैल झालेला थर ती ओढून नेते. त्यामुळे चकती कोरडी पडली, की काम थांबते आणि उष्णता तेवढी वाढत जाते. टूथपेस्टने ओरखडे घालवण्याचा घरगुती उपाय का फसतो, हेही यावरून कळते. पुष्कळ टूथपेस्टमधला खडू काचेपेक्षा बराच मऊ असतो. त्याने डाग निघतील, ओरखडा हलणार नाही.

काम सुरू करण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्या लागतात आणि दोन्हींचा उल्लेख संचात कोठेही नाही. पहिली म्हणजे नखाची परीक्षा. काच स्वच्छ धुऊन, कोरडी करून ओरखड्यावर आडवे नख फिरवावे. नख न अडखळता पुढे सरकले, तर तो ओरखडा या भुकटीच्या आवाक्यातला आहे. नख अडले, तर तो चरा आहे आणि तेथे हात घालू नये. दुसरी गोष्ट म्हणजे दाराच्या बीडिंगची सफाई. काच जेथून खाली उतरते, तेथील रबरी पट्टीच्या लवेत धूळ अडकते आणि प्रत्येक वेळी काच खाली गेली, की ती धूळ काचेवर रेघ ओढते. वाळूतील गारगोटीचा कण काचेहून कठीण असतो. मी जुन्या टूथब्रशने आणि ओल्या फडक्याने ती फट पुसली, तेव्हा मोहरीच्या निम्म्या आकाराचा एक चकाकणारा खडा निघाला. तो जेथे रुतला होता, बरोबर त्याच्या रेषेत काचेवरची सर्वांत ठळक उभी रेघ होती. ही सफाई न करता पॉलिश करणे म्हणजे गळक्या छताखाली फरशी पुसत बसणे होय.

बाहेरच्या बाजूचे काम तुलनेने सोपे गेले. रबर, दाराचा पत्रा आणि आरसा यांना मास्किंग टेप व वर्तमानपत्र लावून घेतले, ओरखड्यांच्या पाठीमागे, म्हणजे काचेच्या दुसऱ्या बाजूला, मार्करने तळहाताएवढे चौकोन आखले आणि भुकटी पातळ ताकाइतकी कालवली. ड्रिल मशीन मिनिटाला साधारण हजार-बाराशे फेऱ्यांवर ठेवले. चकती एका जागी न टेकवता सतत फिरती ठेवायची, दर अर्ध्या मिनिटाने पाण्याचा फवारा मारायचा आणि मधूनमधून हाताची मागची बाजू काचेला लावून पाहायची. काच कोमट लागली तर चालते, चटका बसू लागला तर थांबायचे. एका चौकोनाला मला सुमारे 40 मिनिटे लागली. माहितीपत्रकात ‘दहा मिनिटांत चमक’ असे छापले आहे, ते निव्वळ जाहिरातीचे वाक्य समजावे. पहिल्या पंधरा मिनिटांत तर काहीच फरक दिसत नाही, आणि बहुतेक लोक तेथेच संच कपाटात ठेवून देत असावेत.

आतल्या बाजूस मात्र माझी पुरती फजिती झाली. चकतीवरून उडणारे गुलाबी शिंतोडे दाराच्या कापडी अस्तरावर, सीटवर, स्पीकरच्या जाळीत आणि माझ्या चष्म्यावर जाऊन बसले. सीटवर जुनी चादर घातली होती, दाराचा विचार केला नव्हता. हे शिंतोडे ओले असताना फडक्याने सहज निघतात, वाळले की काळ्या रबरावर आणि प्लास्टिकच्या खरखरीत भागावर पांढरट डाग धरतात. स्पीकरच्या जाळीतली भुकटी अजूनही पूर्ण निघालेली नाही. आतून काम करायचे असल्यास दारावर प्लास्टिकचा कागद टेपने घट्ट चिकटवावा, आणि त्याहून बरे म्हणजे मशीन बाजूला ठेवून चकती हाताने फिरवावी, मग वेळ दुप्पट लागला तरी चालेल. मागच्या काचेच्या आतल्या बाजूस डीफॉगरच्या, म्हणजे काच तापवून तिच्यावरचे धुके घालवणाऱ्या, रेषा असतील, तर त्यांच्यावर ही चकती मुळीच फिरवू नये.

एकूण तीन रविवार गेले. ब्लेडने पडलेली जाळी जवळजवळ संपूर्ण नाहीशी झाली; काच तिरप्या उन्हात धरून शोधली, तर कोपऱ्यात पाच-सहा तंतू दिसतात. बाहेरच्या उभ्या रेघांपैकी बारीक असलेल्या सर्व गेल्या. त्या खड्याने ओढलेल्या मुख्य रेघेला नख आधीही अडत होते आणि आताही अडते. तिच्या कडा थोड्या बोथट झाल्यामुळे ती पूर्वीइतकी चमकत नाही, एवढाच काय तो फरक. बाजूची काच टफन केलेली, म्हणजे तापवून झटकन थंड करून मजबूत बनवलेली, असल्याने ती घासून कमकुवत होईल, अशी शंका मला होती. परंतु अशा काचेत दाबाखाली असलेला थर प्रत्येक बाजूने जाडीच्या सुमारे एक पंचमांश इतका खोल असतो आणि पॉलिशमध्ये जाते ती त्याच्या तुलनेत नगण्य काच, त्यामुळे बारीक ओरखड्यांपुरती ती काळजी करण्याचे कारण नाही.

माझी खरी तक्रार समोरच्या काचेविषयी आहे. खोल ओरखडा असल्यास ‘जोर देऊन त्याच जागी अधिक वेळ घासावे’, असे माहितीपत्रक सांगते आणि शेजारी चित्र वायपरने उमटलेल्या कमानीचे दाखवते. सुदैवाने मी हा प्रयोग चालकाच्या नजरेसमोर न करता डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात केला. तासाभराने ओरखडा पुसट झाला, पण त्या जागी काचेला सूक्ष्म खळगा पडला. तेथून पाहिले, की रस्त्यावरचा पांढरा पट्टा वाहत्या पाण्यातून दिसावा तसा लवतो. हीच लहर चालकाच्या डोळ्यांसमोर असती, तर रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांत ती मूळ ओरखड्यापेक्षा अधिक त्रासदायक ठरली असती. शिवाय समोरची काच दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा घालून जोडलेली असते; तिला आधीच बारीक तडा असेल, तर एका जागी साठलेल्या उष्णतेने तो पुढे पळू शकतो. पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या वस्तूच्या पत्रकात याविषयी एक ओळही नसावी, हे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

वस्तू म्हणून भुकटी उत्तम आहे, चकत्या बऱ्या आहेत (पहिलीची कड दुसऱ्या रविवारी सुटू लागली), फवाऱ्याची बाटली तिसऱ्या दिवशी गळू लागली आणि माहितीपत्रक सरळ रद्दीत टाकावे असे आहे. घरी ड्रिल मशीन असेल, ओरखडे बाजूच्या काचेवर असतील, ते नखाला लागत नसतील आणि हाताशी दोन-तीन मोकळे दिवस असतील, तर 740 रुपये वाया जाणार नाहीत. मशीन विकत घेण्यापासून तयारी असेल, तर 1800 रुपयांची नवी काच स्वस्त पडेल. भुकटी अजून निम्म्याहून अधिक शिल्लक आहे. आमच्याच इमारतीतले एक गृहस्थ ती मागायला आले होते. त्यांच्या गाडीच्या मागच्या दाराच्या काचेवर मी नख फिरवून पाहिले, ते दोन ठिकाणी अडले, आणि मी त्यांना काचवाल्याचा पत्ता दिला.