गूगल फॉर्म्समधलं ब्रँचिंग : फुकटात किती पुरतं?

गणेशोत्सवातल्या स्पर्धांसाठी सगळ्यांना एकच सरसकट फॉर्म दिला की गायनाला नाव देणाऱ्यालाही रंगपेटी आणणार का ते विचारलं जातं. उत्तर पाहून पुढचे प्रश्न बदलायची सोय, म्हणजेच ब्रँचिंग, गूगल फॉर्म्समध्ये फुकट आहे आणि मंडळाच्या कामाला ती छान पुरते. फक्त तिची रीत आधी समजून घ्यायला हवी.

इथे उत्तर निवडताच खाली नवा प्रश्न उगवत नाही. 'नेक्स्ट' दाबल्यावर ठरवलेला सेक्शन (फॉर्मचं वेगळं पान) उघडतो. म्हणून आधी प्रत्येक स्पर्धेचा सेक्शन तयार करा. मग 'कोणती स्पर्धा?' या प्रश्नाच्या तीन टिंबांत जाऊन 'गो टू सेक्शन बेस्ड ऑन आन्सर' चालू करा आणि प्रत्येक पर्यायासमोर त्याचा सेक्शन निवडा.

बहुतेक घोळ यानंतर होतो. सेक्शन संपला की फॉर्म आपोआप खालच्या सेक्शनमध्ये शिरतो, त्यामुळे चित्रकलेचं भरून झालं की लगेच गाण्याची पट्टी विचारली जाते. प्रत्येक स्पर्धेच्या सेक्शनच्या तळाशी 'कंटिन्यू टू नेक्स्ट सेक्शन' काढून 'सबमिट फॉर्म' ठेवा. वगळलेल्या सेक्शनमधले 'रिक्वायर्ड' प्रश्न कुणाला अडवत नाहीत, तेव्हा ते बिनधास्त सक्तीचे करा.

मोठी उणीव म्हणजे ही सोय मल्टिपल चॉइस आणि ड्रॉपडाउनलाच आहे, चेकबॉक्सला (एकाहून जास्त पर्याय निवडता येणाऱ्या प्रश्नाला) नाही. एकाच मुलीला रांगोळी आणि गायन दोन्हींत नाव द्यायचं असेल तर साधा फाटा तोकडा पडतो. तेव्हा प्रश्नांची साखळी करावी लागते. 'चित्रकलेत भाग घेणार?' हा स्वतंत्र सेक्शन. 'हो' म्हटलं तर चित्रकलेचा तपशील, 'नाही' म्हटलं तर थेट 'गायनात भाग घेणार?'. या रचनेत तपशिलाचा सेक्शन संपल्यावर पुढच्याच सेक्शनला जायचं असतं, म्हणून तिथलं 'कंटिन्यू' तसंच राहू द्या. 'सबमिट' फक्त शेवटच्या स्पर्धेनंतर. सेक्शन दुप्पट होतात, पण काम चोख होतं.

नाव, फोन, वयोगट पहिल्याच सेक्शनमध्ये घ्या. उत्तरं जमा होतात त्या शीटमध्ये प्रत्येक प्रश्नाला स्वतंत्र कॉलम मिळतो. फोन प्रत्येक स्पर्धेत वेगळा विचारलात तर नंबर तीन-चार कॉलमांत विखुरतात आणि यादी करणाऱ्याचा जीव जातो.

आधी लिहिलेलं नाव पुढच्या प्रश्नात आणणं ('सई, कोणतं गाणं म्हणणार?') गूगलला जमत नाही. ते हवं असेल तर टॅली ही फॉर्म बनवायची वेबसाइट (हिशेबाचं टॅली नव्हे) वापरा. तिथे हे फुकट जमतं आणि चेकबॉक्सच्या उत्तरावरूनही प्रश्न दाखवता येतात.