डिस्को एलिझियम : शहर आणि माणूस एकाच संवादात

रोल-प्लेइंग गेममध्ये, म्हणजे खेळाडू एखाद्या पात्राची भूमिका घेतो अशा व्हिडिओ गेममध्ये, जग विस्ताराने उभे केले की नायक पोकळ राहतो आणि नायकावर भर दिला की जग नाटकाच्या पडद्यासारखे मागे टांगलेले राहते, अशी माझी अनेक वर्षांची समजूत होती. मूळच्या एस्टोनियातील झाउम स्टुडिओने २०१९ साली आणलेल्या डिस्को एलिझियमने ती मोडली.

दारूच्या अतिरेकाने स्मृती गमावलेला एक पोलीस तपासनीस वसतिगृहाच्या खोलीत जागा होतो. मागच्या अंगणात झाडाला प्रेत लटकते आहे आणि बंदरातील कामगार संपावर आहेत. त्याला स्वतःचे नावही आठवत नसल्यामुळे शहरावर सत्ता कोणाची, भिंतींवरच्या गोळ्यांच्या खुणा कधीच्या, असे प्रश्न तो अगदी स्वाभाविकपणे विचारतो. पण अशा प्रत्येक प्रश्नातून तो स्वतः किती ढासळला आहे, हेही उघड होत जाते. त्याची २४ कौशल्ये मनातले आवाज होऊन त्याच्याशी बोलतात आणि आपण कोणत्या कौशल्याला गुण देतो, त्यावर आपल्याला शहराचा कोणता चेहरा दिसणार हे ठरते.

तोफगोळ्याने पडलेल्या खड्ड्याशेजारी दोन वृद्ध पेटांक हा गोळे फेकण्याचा फ्रेंच खेळ खेळत असतात. त्यांतला एक राजाच्या फौजेतला जुना सैनिक आहे. या शहरात दडपल्या गेलेल्या क्रांतीचा इतिहास मला त्याच्या ताठ पाठीतून आणि मित्राशी चाललेल्या कुरबुरीतून जितका समजला, तितका कोणत्याही माहितीपर उताऱ्यातून समजला नसता. माझे आजोबा सोलापुरात मिलमध्ये होते; मिलचा भोंगा आणि १९३० चा मार्शल लॉ यांच्या आठवणी आमच्या घरात अशाच, माणसांच्या स्वभावातून पोहोचल्या. म्हणूनच हे बंदर मला परके वाटले नाही.

जॉयस या पात्राशी जगाच्या रचनेविषयी होणारा संवाद मात्र फार लांबतो. तिथे नायक बाजूला पडतो आणि भूगोलाचा तास सुरू होतो. वेगळी अशी लढाई या खेळात नाही. जवळजवळ सारे काही वाचायचे आहे आणि तेही अवघड इंग्रजीत, म्हणून संपूर्ण आवाज असलेली २०२१ ची आवृत्तीच घ्यावी.

दुसऱ्या खेपेला मी माहिती पुरवणाऱ्या, विश्वकोशासारख्या कौशल्याला मुद्दाम कमी गुण दिले. तपशील आटले, पण त्या खड्ड्यापाशी मी पहिल्यापेक्षा अधिक वेळ थांबलो.