सहा एमएमच्या आयपीसचे साडेतीन हजार हवेत? (सात महिन्यांनंतर)

आठ इंची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण, फोकल लेंग्थ (आरशापासून चित्र जमतं तिथपर्यंतचं अंतर) 1200 एमएम. बाकी स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ आहेत. माझं भांडण सहा एमएमच्या आयपीसशी आहे, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाशी; एमएम जितके कमी, तितकं चित्र मोठं. दिवाळीत वेगळे साडेतीन हजार मोजले, 200 पट (1200 भागिले 6) मोठं दिसणार म्हणून.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, रात्री पावणेनऊला गुरू लावला. ओढ्याच्या तळाशी पडलेला रुपया दिसावा तसा! कडा वळवळतेय, पट्टे एकमेकांत मिसळलेले. पंचवीसचा आयपीस लावला की छान, सहाचा लावला की लगदा. दुकानदाराला व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं, "साहेब, काच ठीक आहे, हवा बघा." वॉरंटी टाळायची ही नवीन तऱ्हा दिसते, असं त्याला कळवलं. दोनदा कॉलिमेशन केलं, म्हणजे आरसे एका रेषेत जुळवले. पैसे परत नाहीत, बदलूनही नाही. एक स्टार देऊन हा अनुभव तेव्हाच लिहायला घेतला होता.

मग 10 जानेवारीच्या प्रतियुतीनंतरची (गुरू सूर्याच्या बरोबर समोर येतो ती वेळ) एक रात्र. दीड वाजलेला, गुरू डोक्यावर. आकाश धुरकट, तारे मोजकेच, पण एकही लुकलुकत नव्हता. अशा रात्री मी दुर्बीण बाहेरच काढत नसे. सहाचा लावला आणि चित्र तीन-चार सेकंद दगडासारखं थांबलं. पट्ट्यांच्या कडेच्या गाठीसुद्धा दिसल्या! परत हललं, परत थांबलं. तीनपर्यंत गच्चीवरच होतो.

म्हणजे दुकानदार खरं बोलत होता. 203 मिलिमीटरचा आरसा कागदावर 0.57 विकलांपर्यंतचं (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) बारीक वेगळं दाखवतो. पण गरम-गार हवेचे पुंजके प्रकाश सतत वाकवतात आणि शहरात चित्र सहज दोन-तीन विकला पसरतं. अख्खा गुरूच तेव्हा जेमतेम 46 विकलांचा. त्यात मी तो तीस अंशांवर असताना बघत होतो, म्हणजे डोक्यावरच्यापेक्षा दुप्पट हवेतून. न्यूटनने 1704 मध्येच लिहून ठेवलंय, उपाय एकच, उंच डोंगरावरची शांत हवा. आपली 2 मीटरची दुर्बीण लडाखात हान्लेला साडेचार हजार मीटरवर नेऊन बसवली ती उगाच नाही.

माझाही गाढवपणा होताच. उबदार खोलीतली दुर्बीण गार गच्चीत नेऊन लगेच डोळा लावायचो. जाड आरसा निवायला तासभर लागतो, तोवर नळीतच हवा उकळत असते. आता जुन्या कॉम्प्युटरचा पंखा मागे बांधलाय, खर्च शून्य. उन्हाळ्यात तापलेला स्लॅब गार करायला त्यावर दोन बादल्या पाणी ओतलं, तर आई म्हणाली, "टँकरचं पाणी आहे ते, गुरूला अंघोळ घालतोयस का?"

आता चार स्टार. पाचवा नाही, कारण डस्ट कॅप फुटकी आली होती आणि ती अजून बदलून मिळालेली नाही.

मे महिन्यात नवीनच कटकट. संध्याकाळी गुरू पश्चिमेला, बरोबर शेजारच्या एसीच्या आउटडोअर युनिटच्या वर. गरम झोत थेट चित्रात. शेवटी धीर करून काकूंना विचारलं, एसी किती वाजता बंद करता? "पहाटे पाचला," म्हणाल्या. गुरू त्याच्या कितीतरी आधी मावळतो.