आरएक्स १०० मध्ये १३५ चं अख्खं इंजिन टाकावं की नुसता ब्लॉक चढवावा?

ज्याच्याकडं यामाहाची आरएक्स १०० आहे त्याच्या डोक्यात हा किडा कधी ना कधी वळवळतोच. गाडी गावात मस्त पळते, सिग्नलवरनं सुटताना अजून पण भल्याभल्यांना मागं टाकते, पण हायवेला लागलं आणि मागं कोण बसलेलं असलं की चौथ्या गिअरमध्ये इंजिन रडायला लागतं. मग कोणतरी सांगतं की १३५ करून टाक की, म्हणजे तिच्याच मोठ्या बहिणीचं, आरएक्स १३५ चं सामान टाक. करून टाक म्हणजे नेमकं काय करायचं हे कोण सांगत नाही. मी दोन्ही प्रकार चालवलेत, पहिल्यांदा अख्खं इंजिन आणि आता ब्लॉक (म्हणजे नुसता वरचा सिलिंडर), त्यामुळं जे जाणवलं ते लिहितोय. तुमचा मेस्त्री, तुमचा रस्ता आणि तुमचं वजन वेगळं असेल तर थोडा फरक धरून चाला.

हे जमतंच कसं ते नवीन पोरांसाठी एका ओळीत सांगतो. १०० चा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ५० मिमी आणि १३५ चा पण ५० च, फरक फक्त बोअरचा (सिलिंडरच्या व्यासाचा), ५० चा ५८ होतो, आणि तेवढ्यावरच ९८ सीसीचं १३२ होतं. फ्रेमला बोल्ट बसायच्या जागा पण जुळतात. म्हणून हा खेळ इतकी वर्षं चाललाय, नाहीतर दुसऱ्या कुठल्या गाडीत असलं करायचं म्हटलं की वेल्डिंगपासनं सुरुवात.

अख्ख्या इंजिनाबद्दल आधी सांगतो कारण चालवायला तेच भारी आहे, यात वादच नाही. मी टाकलेलं पाच गिअरवालं होतं. कोल्हापुरातनं निपाणीच्या पुढं बेळगावकडं जाताना तवंदी घाटात १०० ला तिसरा टाकून कण्हत जायला लागायचं तिथं हे चौथ्यात निवांत चढायचं, आणि वर सपाटीला लागलं की पाचवा टाकायचा आणि इंजिनाचा आवाज एकदम खाली यायचा. तो पाचवा गिअर हीच खरी मजा आहे, ताकद त्यामानानं दुय्यम. १०० ची सवय असलेल्या माणसाचा पाय सत्तरच्या स्पीडला उगाचच लिव्हर शोधत असतो, इथं खरंच अजून एक गिअर सापडतो. कारखान्यातनं बॅलन्स होऊन आलेला क्रँक (पिस्टनची वर-खाली धाव गोल फिरवणारा दांडा) त्याच्याच पिस्टनसोबत, त्याच्याच कार्बोरेटरवर चालतोय म्हटल्यावर थरथर पण बेताची. सायलेन्सर मात्र त्याचाच घ्या, १०० चा सायलेन्सर लावला की वरच्या आरपीएमला नाक दाबल्यासारखं होतं.

ब्लॉकचं तसं नाही. ब्लॉक म्हणजे तुमचीच खालची केस (क्रँक आणि गिअर ज्यात बसतात ते खोकं), तुमचाच क्रँक, तुमचेच चार गिअर, आणि वरनं फक्त १३५ चा सिलिंडर, पिस्टन, हेड. ऐकायला सोपं वाटतं पण १३५ ची स्लीव्ह (सिलिंडरच्या आतली लोखंडी नळी) जाड असते, ती १०० च्या केसच्या तोंडात जातच नाही. म्हणजे केस उघडायची, क्रँक बाहेर काढायचा, आणि केस लेथवर लावून तोंड मोठं करायचं. आमच्याकडं कोल्हापुरात उद्यमनगर (छोट्या कारखान्यांचा भाग) आहे म्हणून असल्या कामाला माणूस मिळतो, पण तिथं पण मी तासभर उभा राहून बघितलं कारण स्टडच्या भोकांजवळ मटेरियल एवढं पातळ उरतं की लेथवाल्यानं एक कट जादा मारला तर केस गेलीच. चांगला माणूस केसचे दोन्ही अर्धे भाग एकत्र आवळून, सेंटर क्रँकच्या हिशोबानं पकडून, थोडं थोडं घेतो आणि दर वेळी स्लीव्ह लावून बघतो. घाई करणारा दिसला की केस उचलायची आणि घरी यायचं. त्यानंतर केसमधली हवा जायची तोंडं ब्लॉकच्या तोंडांशी जुळत नाहीत, ती ग्राइंडरनं मॅच करायला लागतात. ही पायरी बरेच मेस्त्री खातात आणि मग गिऱ्हाईक म्हणतंय १३५ करून पण पिकअप नाही.

आणि एकदा केस कापली की कापली. परत १०० चा ब्लॉक लावायचं म्हटलं तर त्या मोठ्या तोंडात तो नीट बसत नाही. माझ्या ओळखीतले ओरिजिनलवाले लोक यावरनं मला अजून शिव्या घालतात, आणि त्यांचं चूक आहे असं पण नाही.

चालवायला ब्लॉकवाली कशी? खालचा ओढा झकास. वाघबीळवरनं पन्हाळ्याला डबल सीट जाताना फरक लगेच कळतो, गिअर पाडायची गरज निम्म्यानं कमी होते. पण पिस्टन ५८ चा म्हणजे वजनाला जड आणि क्रँक मात्र ५० च्या पिस्टनसाठी बॅलन्स केलेला, त्यामुळं साठ-पासष्टच्या आसपास हँडलला आणि फूटरेस्टला बारीक मुंग्या येतात. नेमकं याच स्पीडला आपल्याला चालवायचं असतं हे दुर्दैव. नंबर प्लेटचे नट ढिले होतात, त्यांना स्प्रिंग वॉशर टाकून घ्या. पाचवा गिअर नाही तो नाहीच, पुढचं स्प्रॉकेट एक दात मोठं टाकून थोडी भरपाई होते, ताकद आहे म्हणून ते झेपतं. १०० च्या कार्बोरेटरवर जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) न बदलता अजिबात पळवू नका, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि किणी टोलनाक्याच्या अलीकडं सरळ रस्त्यावर फुल थ्रॉटलमध्ये इंजिन धरतं तेव्हा मागचं चाक लॉक होतं. ऑइल पंप पण १०० च्या हिशोबाचा, मी रनिंग-इन संपेपर्यंत पंप चालू ठेवून टाकीत पण थोडं टूटी (टू-स्ट्रोकचं ऑइल) टाकत होतो.

आता इतकं वाचून तुम्ही म्हणाल की मग अख्खं इंजिनच चांगलं की. चालवायला हो. पण माझा निर्णय चालवण्यावर झालाच नाही, तो झाला केसवर ठोकलेल्या इंजिन नंबरवर.

१०० चं प्रॉडक्शन १९९६ ला थांबलं, म्हणजे धाकट्यात धाकटी गाडी पण आज तिशीच्या आसपासची आहे. पंधरा वर्षं झाली की पासिंग आणि तिथून पुढं दर पाच वर्षांनी परत पासिंग, पर्यावरण कर वगैरे सगळं. पासिंगला गाडी आणि आरसी समोरासमोर ठेवून नंबर बघतात. मी अख्खं इंजिन टाकलं तेव्हा जुनं इंजिन पोत्यात बांधून माळ्यावर ठेवलं होतं, पासिंगची वेळ आली की खाली उतरवू असा सरळ हिशोब. वेळ आली. चेन सोडा, क्लच केबल, पंपाची केबल, वायरिंग, कार्बोरेटर, इंजिनाचे बोल्ट, एक इंजिन काढा, दुसरं बसवा. हे पण ठीक, एक दिवसाचं काम. पण पोत्यात पडून क्रँकचे ऑइल सील कडक झालेले, त्यातनं हवा ओढायला लागलं, आयडलिंग कधी चढतंय कधी बंद पडतंय. ऑइलच्या पाईपमध्ये हवा अडकलेली, ती पंपाच्या स्क्रूतनं काढायची राहिली तर पहिल्या किलोमीटरलाच पिस्टन गेला असता. ज्या गाडीवर माझा जीव आहे ती फक्त कागदाशी जुळावी म्हणून उघडायची आणि पासिंग झालं की परत उघडायची, याचा मला जो वैताग आला तो कुठल्याच घाटातल्या पिकअपनं भरून निघाला नाही.

बरं ते पाच वर्षांनी एकदा. रोजचं दुखणं वेगळंच. इंजिन विकणाऱ्याला मी विचारलं होतं हे कुठल्या गाडीचं, कागद काय आहे, तर तो हसला, इंजिनाला कुठला कागद भावा म्हणाला. ते भंगारात निघालेल्या गाडीचं असेल, ॲक्सिडेंटच्या गाडीचं असेल, नाहीतर चोरीच्या. मला माहीत नाही आणि त्याला पण माहीत नाही. नाकाबंदीत गाडी बाजूला घेतली की लायसन, पीयूसी सगळं असून पण पोटात गोळा यायचा. उद्या काही झालं आणि इन्शुरन्सच्या सर्व्हेअरनं इंजिन नंबर बघितला तर क्लेमवर पाणीच. आणि विकायला काढलीत तर गिऱ्हाईक आधी बसून नंबर बघतंय, फ्रेम आणि इंजिन जुळलं तर भाव, नाही तर नुसता चहा.

कायद्याचं खरं बोलायचं तर दोन्ही प्रकार एकाच माळेचे मणी आहेत. मोटर व्हेइकल ॲक्टच्या कलम ५२ प्रमाणं आरसीत जे लिहिलंय त्यापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, इंजिन बदललं तर १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं पण हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर दर बदलामागं ५००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आरसीवर ९८ सीसी आणि खाली १३२ म्हणजे ब्लॉकवाला पण यातनं सुटत नाही. त्यामुळं ब्लॉक कायदेशीर आहे असं मी म्हणत नाही, म्हणणारा भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. ब्लॉकमध्ये निदान केस आणि तिच्यावरचा नंबर माझाच राहतो, चोरीचं इंजिन बाळगतोय ही भीती जाते. मला त्यानंच झोप लागायला लागली. बाकीची जोखीम ज्यानं त्यानं आपापली तोलायची, आणि ज्याला ती नको असेल त्यानं १०० लाच चांगलं बोअर मारून, ओरिजिनल पिस्टन टाकून, क्रँक आणि सील नवे करून घ्यावेत. निम्म्या लोकांची १०० फक्त दमलेली असते, लहान नसते.

खर्चाचं फार बोलत नाही, कारण भाव महिन्याला बदलतो आणि माणूस बघून पण बदलतो. पाच गिअरवाल्या इंजिनाला जेवढे मागतात तेवढ्यात ब्लॉक, पिस्टन, लेथ, क्रँकची कामं होऊन ब्रेकला पण पैसे उरतात. डुप्लिकेट ब्लॉक ढिगानं आलेत, पोर्टची (सिलिंडरमधल्या भोकांची) धार बोटानं चाचपून बघा, खरखरीत लागली तर रिंग अडकून तुटणार. जुना ओरिजिनल ब्लॉक ओव्हरसाईज बोअरला (घासून मोठा केलेला) असला तरी चालेल, फक्त शेवटच्या साईझपर्यंत संपलेला नको.

एक तिसरा रस्ता पण आहे ज्याकडं कोण बघत नाही. १०० च्या मागं सगळे लागलेत, पण अख्खी १३५ पण मिळते, कागदासकट. ज्याला खरंच पाचवा गिअर पाहिजे आणि महिन्यातनं एकदा पुणे-बेंगलोर हायवे मारायचाय त्यानं सरळ पाच गिअरवाली १३५ घ्यावी आणि १०० ला गावात फिरवावी. मला घरात दोन गाड्या ठेवायला जागा नाही म्हणून मी ब्लॉकवर आलो, जागा असती तर कदाचित हे लिहायला बसलोच नसतो.

ब्लॉकच करायचं ठरलं तर लेथवर जायच्या आधी पुढच्या ड्रमचे शू बदलून घ्या आणि ड्रम गोल आहे का तपासा. १०० चा पुढचा ब्रेक १०० ला पण जेमतेमच पुरायचा.